मामींचा अंगठा

पार्सेहून मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात बांगडे घेत होतो. सासूबाई सकाळी पेज जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. वय झालं होतं, कुणाकडून सेवा करून घेतली नाही... चांगलं मरण. बायकोला स्कूटरवर घेतलं आणि तडक निघालो. अंगणात उतरलो तर साऱ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, जावयाचं दुःख बघताहेत. त्या बघत होत्या हँडलला लटकलेली मासळीची पिशवी. शेजारच्या काकींनी ती मुकाट्यानं काढून परसात नेली आणि जाता जाता पुटपुटल्या, "ती आसती तर आज जेवणापर्यंत हांसली आसती." महिना उलटून गेलाय, पण काकींचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

सासूला आम्ही मामी म्हणायचो. म्हणजे मी म्हणायचो. त्या मला काहीच म्हणत नसत. गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती, गावोगाव नव्या शाळा निघत होत्या, आणि तशाच एका शाळेत मी हंगामी मास्तर होतो. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. शिगम्याच्या सुट्टीत सासुरवाडीला गेलो तर परसात काजूच्या बिया भाजणं चाललेलं. मेहुण्यांसमोर शहाणपण दाखवायला मी पुढे सरसावलो. भाजायचा पत्रा कलंडला आणि तो सावरायला मी उजवा हात घातला. काजूच्या सालीतलं तेल कसं पेटतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त मास्तरांना नव्हतं.

म्हापशाच्या इस्पितळात जखम भरली, पण अंगठ्याच्या मुळाशी कातडी आवळून आली, वाळलेल्या चामड्यासारखी. अंगठा आत वळून बसला. तिथं दाबलं, चिमटा घेतला, काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, जखम पूर्ण मिटली आहे, आता रोज तेल लावून चोळा, नाहीतर हात असाच राहील. आणि खडू धरता येत नाही अशा हंगामी मास्तराला जूनमध्ये कोण ठेवणार? रात्रंदिवस तेवढंच डोक्यात.

मुक्काम सासुरवाडीलाच होता, आणि चोळायचं काम आधी बायकोकडे होतं. पण अंगठा ताणताना मी तोंड वाकडं केलं की तिच्याच डोळ्यांत पाणी. चार दिवस बघून मामींनी तिला उठवलं आणि स्वतः पाटावर बसल्या.

आता आली का पंचाईत. मामी जावयाशी बोलत नसत, त्याच्यासमोर बसतही नसत, आणि इथं तर त्याचा हात मांडीवर. मग त्यांनी तोड काढली. तोंड चुलीकडे फिरवायचं, माझा हात न बघताच चोळायचा आणि जे सांगायचं ते सोप्यावर बसलेल्या सासऱ्यांना सांगायचं.

"तेंका सांगा, हात सैल सोडूक."

"जावयबापू, हात सैल सोडा म्हणता ती," सासरे तिथून पुकारायचे. अंतर दोन हात. सासरे बागेत गेले की ही कामगिरी मांजराकडे यायची.

पण मामींचा अंगठा... तो अंगठा नव्हता, वरवंटा होता. खोबरेलाचं बोट लावायचं, वणावर अंगठा टेकून कातडी पांढरी पडेपर्यंत दाबायचं, तसंच धरून ठेवायचं, मग खालच्या मांसावरून ती कातडी हळूहळू सरकवायची. गोल, मग आडवी, मग उभी. शेवटी माझा अंगठा बाहेर ताणायचा. मी दात खाऊन 'काही नाही, काही नाही' म्हणत राहायचो.

एके दुपारी मात्र अशी कळ गेली की माझ्या तोंडून निघून गेलं, "सोड गो म्हाका, म्हातारे!"

सोप्यावरचं सासऱ्यांच्या अडकित्त्याचं वाजणं थांबलं. बायको दारात पुतळा. मामी वळल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"खंय दुखला?"

मी भीत भीत अंगठ्याचं मूळ दाखवलं.

"थंय तर तुका कायएक कळत नाय हुता," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. "मग बरा झाला. बोंब मार आणखी."

तेव्हापासून मांजर मोकळं झालं. मामी समोर बसून चोळू लागल्या, मला अरेतुरे करून घालूनपाडून बोलू लागल्या. जूनमध्ये मी खडू धरला. पहिल्या दिवशी फळ्यावरचं अक्षर बघून पोरं एकमेकांकडे बघत होती, पण धरला. तो पावसाळाभर दर रविवारी मी पार्सेला जायचो. चोळून घ्यायला, असं घरी सांगायचो. खरं म्हणजे शिव्या खायला.

परवा बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके सुकले. तिथला वण चोळायला सांगितलंय, आणि ते काम माझ्याकडे आलंय. काल तिनं "आई गं" केलं, तशी मी झटकन हात उचलला.

ती डोळे मिटूनच म्हणाली, "आई थांबली नसती."

मी पुन्हा तेल घेतलं. अंगठा टेकला, दाबला, धरून ठेवला. कातडी पांढरी पडली... आणि मग, अगदी थोडीशी, सरकली.