टाकीवरचा स्क्रू

खाडीच्या मधोमध होडीचं इंजिन धापा टाकायला लागलं. क्षणभर जोरात चालायचं, मग मलूल व्हायचं. ओहोटी लागली होती आणि होडी हळूहळू समुद्राकडे सरकत होती. शाळेत शिकवायला निघालेली मी एकटीच उतारू. होडीवाले दत्ताकाका मात्र शांत. त्यांनी प्लग काढून पुसला, परत बसवला, दोरी ओढली. तरी तेच. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला, तर तो पार चपटा झालेला. त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि झाकणावरचा छोटा स्क्रू सैल केला. सुस्स करून हवा आत गेली. थोड्याच वेळात इंजिन एका सुरात चालू लागलं.

"हा कोणी आवळला?"

"मी. पेट्रोलचा वास येत होता."

"अहो बाई, हवा आत गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसं?"

मला आवळायची सवयच आहे. बरण्यांची झाकणं, गॅसचा नॉब, दाराची कडी दोनदोनदा. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला मी दिवसातून तीनदा फोन करते. जेवलास का, पोचलास का, बरोबर कोण होतं? हल्ली त्याची उत्तरं तुटक येतात. हो. बघतो. ठेवू? मी नेटवर्कला दोष द्यायचे.

मधल्या सुट्टीत फोन हातात घेतला आणि परत पर्समध्ये ठेवून दिला.

परतीच्या होडीत पेट्रोलचा वास तसाच होता. मी एकदा त्या स्क्रूकडे पाहिलं आणि नाकाला पदर लावून बसून राहिले.