दुसऱ्याचा नवस, माझे पाय

आमच्या घरात नवस हा शब्द चालत नाही. आम्ही बौद्ध. मागायचं ते स्वतःकडं, असं वडिलांनी लहानपणीच बजावलेलं. ह्या विषयावर मी तासभर बोलू शकतो, आणि कुणी थांबवलं नाही तर बोलतोही.

गेल्या वर्षी बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ती घरी आल्यावर शेजारच्या ताईंनी हळूच सांगितलं, की त्यांनी तिच्यासाठी नवस बोललाय. ताई कॅथलिक. आजऱ्याकडं त्यांच्या माहेरच्या डोंगरावर मरियामातेचं तीर्थ आहे. तिथं चालत जाऊन मेणबत्ती लावायची. पण नवस फेडायच्या आधीच अंगणात घसरून त्यांचा घोटा मोडला.

"दाजी, माझ्या बदली तुमीच जावा की."

"ताई, माझा ह्यात विश्वास नाही."

"विश्वास माझा हाय. तुमी नुस्तं पाय द्या."

अंथरुणावर बायको हसली. हसलं की तिचे टाके दुखायचे, तरी हसली. मग मी निघालो.

आजऱ्यात एसटीतून उतरून चालायला लागलो. वाटेत जीवनमरणाचं चिंतन करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात नवे बूट टाचेला चावत होते आणि चिंतन सगळं टाचेचंच चाललं होतं. तेवढ्यात मागून एक मोटरसायकल येऊन थांबली.

"पावणं, डोंगरावर? बसा की मागं!"

मी बसलो. एवढ्या चटकन मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही.

काजूच्या झाडांमधून वारा खात निम्मा चढ सरला, आणि मला ताईंचा प्लास्टरमधला पाय दिसायला लागला. देवाला फसवायला मी घाबरत नव्हतो. ताईंना काय सांगणार होतो?

"थांबवा. मला परत खाली जायचंय."

"काय विसरलं काय?"

"नाही. चालत यायचं होतं."

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं, "बरं हाय न्हवं?" असं काळजीनं विचारलं आणि तो गेला. मी लंगडत, जिथं गाडीवर बसलो होतो तिथवर उतरलो आणि पुन्हा चढलो. एवढा कर्मठ भाविक त्या दिवशी डोंगरावर दुसरा नसेल.

वर वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना. तिथल्या मठातल्या एका सिस्टरांनी पदराचा आडोसा धरला आणि विचारलं, "कुणासाठी?"

"बायकोसाठी," म्हणालो. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी डॉक्टरांशी, मेहुण्यांशी, सगळ्यांशी धीरानं बोललो होतो. इथं एका अनोळखी बाईसमोर हुंदके देऊन रडलो. त्या, मेणबत्ती नीट पेटेपर्यंत, पदर तसाच धरून उभ्या राहिल्या.

नंतर त्यांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि टाचेला लावायला मलमपट्टी आणून दिली. बूट हातात घेऊन, अनवाणीच, मी डोंगर उतरलो. खालच्या फाट्यावर एसटी लगेच मिळाली.