पितळेच्या कड्या आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो आमच्या गाडीच्या मिस्त्रींवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भर चौकात. आणि करणारा मी. सावकारावर, नगरपालिकेवर पत्रकं काढून हात बसला होता. त्याच हातानं लिहिलं : ‘लोकांच्या गाडीवर मिस्त्रीचा डल्ला!’ आणि स्वतः खळ लावून ते चिकटवलं.

गाडी म्हणजे महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेला लष्करी पिकअप. लोकवर्गणीतून घेतलेला. दर शुक्रवारी तो एका डॉक्टरांना घेऊन आजऱ्याकडच्या खेड्यांत जायचा. त्या पावसाळ्यात चालता चालता दिवे जायला लागले, इंजिन बंद पडायला लागलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं.

“वायरी धड हाईत. टोकं कुजल्यात.”

वायरीच्या टोकाला पितळेची कडी असते, तिला टर्मिनल म्हणतात. ती स्क्रूखाली आवळली की वीज पुढं जाते. आमच्या कड्या हिरव्या पडून हातात तुटत होत्या. गाडी अमेरिकन, माप निराळं. कोल्हापुरात मिळेनात, मुंबईहूनही नकार आला. बाजारातली बसवली तर ढिली राहायची आणि तापायची. शेवटी मिस्त्रींनी सगळ्या कड्या कापल्या, प्रत्येक वायरीला रंगीत दोऱ्याची खूण बांधली आणि कड्या घेऊन गेले.

आमच्याकडची रीत अशी, की काढलेला जुना माल मिस्त्रीनं गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. म्हणजे कुणाला शंका नको. आठवडा गेला, शुक्रवार चुकला, मी जाऊन विचारलं, “जुन्या कड्या कुठं आहेत?”

“हाईत.”

“मग दाखवा की.”

“आत्ता न्हाय दावता येत. आनि का, ते बी इचारू नका, पावणं.”

रोजच्या ओळखीच्या माणसाला पावणं म्हणाले, ते मला झोंबलं. तडक छापखाना गाठला.

पत्रक लागलं आणि दोन दिवसांत मिस्त्रींच्या दारातल्या दोन्ही मोटारी मालकांनी ओढून नेल्या. तिसऱ्या दिवशी हुपरीचे एक चांदी कारागीर माझ्या दारात उभे. एका हातात माझं पत्रक, दुसऱ्यात पुरचुंडी.

“हे तुमीच लिवलंसा?”

“हो.”

“छापलंय झ्याक. डोकं कुठं ठेवलंतं?”

पुरचुंडीत मिस्त्रींनी मापासाठी दिलेल्या आमच्या जुन्या कड्या होत्या. एकही कमी नाही. आणि तेवढ्याच नव्या, पैंजणाच्या कड्या वळवणाऱ्या हातांनी वळवलेल्या, कानशीनं मापात बसवलेल्या.

“चांदीच्या भट्टीवर पितळ दिसलं, की गिऱ्हाईक म्हनतंय भेसळ करतोय. म्हणून म्याच मिस्त्रींना गप ऱ्हा म्हणलं. त्यांनी सबूद पाळला, आनि तुमी त्यांना चोर केलंसा. आता म्या कसा गप बसू?”

“हे मी लिहू?”

“लिवा. त्यासाठीच आलोय.”

पुरचुंडी घेऊन मी मिस्त्रींकडं गेलो.

“या पत्रकवाले! आता काय छापायचं ऱ्हायलंय?”

मी पाया पडायला वाकलो.

“पाया मागनं पडा. आदी ही वायर धरा.”

दोऱ्यांचे रंग बघत बघत त्यांनी एकेक कडी बसवली. दुपारी त्यांच्या घरातनं माझ्यासाठीही भाकरी आली. ती मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

शुक्रवारी गाडी गेली. आजवर तिचा दिवा मिणमिणलेला नाही. दुसऱ्याच्या नावासाठी स्वतःचं नाव चिखलात जाऊ देणारा एक माणूस, आणि त्यासाठी आपली भट्टी पणाला लावणारा दुसरा. मी कुठल्या पत्रकात असली माणसं लिहिली होती?

पण त्या दोन मोटारी अजून परत आलेल्या नाहीत. माफीचं पत्रकही मी काढलं. शिवी चवीनं वाचणाऱ्या गावानं ते वाचलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. मिस्त्रींवरचं माझं ते पत्रक घरात असेल तर फाडा. आणि मोटार, इंजिन, पंप, काय बिघडेल ते त्यांच्या दारात न्या. कधी तरी नव्हे. आज.