साल्झबर्गच्या गाडीत धरलेली जागा

गेल्या वर्षीचा १४ जून, शनिवार. व्हिएन्नाचं मुख्य स्टेशन, सकाळचे सव्वानऊ.

हजर: बाबा, वय अठ्ठ्याहत्तर. माझा नवरा शिरीष. आमची मुलगी ईरा, वय सतरा. मी. सामान: दोन मोठ्या बॅगा, दोन छोट्या, बाबांची खांद्यावरची पिशवी. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं नाव यादीत नसतं, पण घरची माणसं मोजताना मला दर वेळी एक माणूस कमी भरतं.

तिकिटं चार. रिझर्व्ह केलेल्या जागा: एकही नाही. हा निर्णय माझा होता.

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात मी 'शीटवाली मनीषा' म्हणून ओळखली जाते. गणपतीच्या जेवणाची एक्सेल शीट माझी, पोरांच्या कारपूलची माझी, आणि युरोपची तर इतकी फिरली की पार दुसऱ्या राज्यातल्या, अल्फारेटाच्या एका अनोळखी बाईंनी तिच्यावर अख्खी इटली केली. जानेवारी संपत आला की मेसेज सुरू होतात: "मनीषा, तिकडे ट्रेनला सीट रिझर्व्ह करायची का गं? की नुसतं तिकीट पुरतं?" या वर्षी तिघींनी विचारलं आणि तिघींनाही मी उत्तर दिलं नाही. एकीनं काळजीनं फोनच केला, तुझी तब्येत बरी आहे ना म्हणून. तेव्हा उत्तर इथेच देते. ते जरा लांबणार आहे.

नियम सोपा आहे. तिकडे तिकीट आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी. फ्रान्स, इटलीच्या वेगवान गाड्यांना जागा रिझर्व्ह करावीच लागते. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत तिकीट असलं की चढायचं आणि रिकाम्या जागेवर बसायचं. सीटच्या वर छोटी पाटी असते. ती कोरी असेल तर सीट कुणाचीही.

हे बाबांना अकोल्याला फोनवर समजावायला मला तीन रविवार लागले.

"म्हणजे तिकीट आहे आणि जागा नाही?"

"जागा असते हो बाबा. फक्त नंबर नसतो."

"म्हणजे जनरलचा डबा."

"एसी असतो त्याला."

"एसी जनरल," बाबा म्हणाले. "बरं आहे. अमेरिकेत राहून पोरगी बापाला जनरलनं नेतेय."

बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला होते. रिझर्व्हेशन उघडायच्या दिवशी पहाटे ते खिडकीसमोर रांगेत असायचे, खिशात भरलेला फॉर्म आणि चुकला तर असावा म्हणून दुसरा भरलेला फॉर्म. त्यांचा एकच नियम: "कन्फर्म नसेल तर निघायचं नाही." रिझर्व्हेशन नसलेल्या एसटीसाठी मात्र त्यांच्याकडे रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून तो सीटवर टाकला की जागा आपली. मागून चढलेला माणूस कितीही आडदांड असला तरी रुमाल बघून पुढे सरकायचा. लहानपणी मला तो कायदाच वाटायचा.

सव्वीस वर्षांपूर्वी मी एमएस करायला निघाले तेव्हा व्हिसा उशिरा आला. मुंबईची तिकिटं आठवड्यावर आली असताना काढावी लागली. दोन कन्फर्म मिळाली, माझं आणि बाबांचं. आईचं वेटिंग लिस्टला. संध्याकाळी अकोला स्टेशनवर चार्ट लागला, तेव्हा तिच्यापुढे एकही माणूस उरला नव्हता. वेटिंग लिस्ट एक. सोडायला आलेले शेजारी म्हणत होते, "चढा हो वहिनी, टीसी करेल ॲडजस्ट." बाबा चार्टवरच्या तिच्या नावावर बोट ठेवून नुसते उभे राहिले. शेवटी आईच म्हणाली, "नको. माझ्यापायी हे रात्रभर दारात उभे राहतील." तिनं डबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "पोळ्या खालच्या पुडात आहेत, आधी त्या संपव."

गाडी सुटली. आई फलाटावर राहिली. विमानतळावर ती नव्हती. नंतर चोवीस वर्षांत आम्ही कितीदा भेटलो याची यादी माझ्याकडे आहे. ती एका पानात मावते.

बाबांची यादी करायची सवय मी अमेरिकेत आणली आणि ती मला फार उपयोगी पडली. पहिली अपार्टमेंट, पहिला लेऑफ, ईराचा जन्म, घराच्या खरेदीचं क्लोजिंग, सगळं मी यादीवर निभावलं. फक्त तो कन्फर्मचा नियम मी मुद्दाम टाकून दिला. युरोपच्या शीटमध्ये जिथे रिझर्व्हेशन सक्तीचं नव्हतं तिथे मी ठसठशीत लिहिलं: 'गरज नाही. फ्लेक्सिबल राहू.'

एप्रिलमध्ये बाबा म्हणाले होते, "प्रवासात एकदा आपण दोघंच बसू. गाडीत. बोलायचं आहे." मी लगेच शीटमध्ये ओळ टाकली: 'बाबांशी बोलणे. व्हिएन्ना ते साल्झबर्ग.' विषय मला ठाऊक होता. आई गेल्यापासून त्यांनी शॉमबर्गला आमच्याकडे कायमचं यावं म्हणून मी कागद तयार करत होते. त्यांच्या सह्या हव्या होत्या. दर वेळी ते म्हणत, "बघू."

त्या शनिवारी गाडीला तोबा गर्दी. सायकली, पाठीवर तंबू घेतलेली पोरं, कुत्री. बाबा पुढच्या दारानं चढले, हातात फक्त पिशवी. आम्ही तिघं बॅगांसकट चार डबे मागे. दारापाशीच अडकलो. गाडी हलली आणि फोन वाजला.

"मनू, ये. जागा धरलीय."

"बाबा, सामान आहे. मधे फार गर्दी आहे. तुम्ही बसा, साल्झबर्गला उतरा."

"अगं, दोन धरल्यात."

"अडीच तासांचा तर प्रश्न आहे बाबा."

"बरं," ते म्हणाले.

ईरा त्यांना पाण्याची बाटली द्यायला गेली आणि लाल चेहऱ्यानं परत आली. "मॉम, आजोबांनी तुझ्यासाठी सीट सेव्ह केलीये. लाइक, विथ अ हँकी. पीपल आर स्टँडिंग. इट्स सो ऑकवर्ड."

"त्यांना सांग, देऊन टाका म्हणावं."

"आय डिड! ही सेड, मम्मी येतेय."

शिरीष म्हणाला, "जा ना तू. बॅगांपाशी मी आहे."

मी गेले नाही. गर्दी खरी होती, बॅगाही खऱ्या होत्या, पण त्यासाठी नाही. बाबा नाही म्हणतील, अकोला सोडणार नाही म्हणतील, अशी मला भीती होती. कागद भरले जात होते तोवर ते येणारच होते. मला ते 'येणार' अजून एक दिवस हवं होतं. म्हणून मी म्हणाले, "साल्झबर्गला निवांत बोलू," आणि बॅगेवर बसून पुढच्या हॉटेलचं चेक-इन करून टाकलं.

साल्झबर्गला बाबांना हात देऊन एक पिकल्या केसांच्या बाई उतरल्या. डोंगर चढायच्या दोन काठ्या त्यांच्या पाठीवर बांधलेल्या. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, मुलगी तुम्हीच का? मग म्हणाल्या, आम्ही सगळे तुमची वाट बघत होतो. मधल्या स्टेशनवर चढल्यापासून त्या उभ्याच होत्या, बाबांच्या शेजारी, रिकाम्या जागेसमोर. त्यांना आपला रुमालाचा कायदा कुठून ठाऊक असणार? म्हाताऱ्या माणसानं डॉटर इज कमिंग सांगितलं, तेवढं त्यांना पुरलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बाबा फलाटावर रुमालाची चौघडी करत होते. "खिडकी होती," ते म्हणाले. "डोंगर तुझ्याच बाजूला होते."

"सॉरी, बाबा."

"अगं, सामान होतं ना. बोलू पुढच्या गाडीत."

त्याच संध्याकाळी मी उरलेल्या सगळ्या गाड्यांच्या जागा रिझर्व्ह केल्या. साल्झबर्ग ते झुरिक, टेबलाभोवती चार. बाबांनी तिकिटावरचे नंबर सीटच्या नंबरांशी दोनदा ताडून पाहिले आणि ऐटीत बसले. "आता कसं!" पण चौघं समोरासमोर, मध्ये ईराचे हेडफोन आणि शिरीषचा लॅपटॉप. तिथे ते काय बोलणार? त्यांनी ईराला पत्त्यांत सात-आठ शिकवलं आणि सलग तीन डाव हरवलं. ईरा ओरडली, "आजोबा, यू आर चीटिंग!" बाबा म्हणाले, "पुरावा दे." मी हसत होते. ते माझ्याकडे बघत होते.

झुरिकहून ते मुंबईला गेले, आम्ही शिकागोला. निघताना मी म्हणाले, "फोनवर बोलू या."

"फोनवर नको," ते म्हणाले. "तू आलीस की."

मी दिवाळीत जाणार होते. तिकीट काढलेलं होतं, कन्फर्म. बाबा सप्टेंबरच्या शेवटी गेले, दुपारी, आरामखुर्चीत, जेवण झाल्यावर. मी पोचले तेव्हा खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. कागद टेबलाच्या खणात होते, माझ्याच पाकिटात. सह्या नव्हत्या. पण सगळी पानं क्रमानं लावून टाचणी मारलेली, आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीक फुली केलेली. सह्या करणार होते म्हणून फुल्या केल्या, की मला एकेक दाखवून नाही म्हणणार होते म्हणून? वरच्या मजल्यावरच्या शोभामावशी त्यांना रोज भाजी द्यायच्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कसं सांगतील, मनू? विचारलं की म्हणायचे, आधी मनूला सांगतो, मग तुम्हाला."

तर मैत्रिणींनो, उत्तर. सक्तीचं नसलं तरी जागा रिझर्व्ह करा. शनिवार-रविवारी नक्की करा. आईवडील बरोबर असतील तर चौघांची एकत्र नका करू. दोन-दोनच्या करा, आणि एका जोडीत तुम्ही दोघंच बसा. एवढं माझ्या शीटमध्ये नव्हतं, आता टाकलं आहे.

इतकी वर्षं घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी हिशोबी उत्तर द्यायचे: राहायचं शॉमबर्ग, मूळचं अकोला. पण शॉमबर्गचं घर मी स्वतः मिळवलं. तिथे माझी वाट बघणारं कुणी मागे बसलेलं नव्हतं. अकोल्यात होतं. ते मला येता येत नसतानाही होतं, मी येत नाही हे सगळ्या डब्याला दिसत असतानाही होतं. शिकागोत देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मी तसाच निळ्या काठाचा रुमाल दोनदा शोधला. नाही मिळाला. बाबांचा माझ्या पर्समध्ये आहे. धुतलेला नाही.

मार्चमध्ये ईराला सुट्टी आहे. ती म्हणाली, "आय'ल कम विथ यू. आपण दोघीच जाऊ." अकोल्याचं घर रिकामं करायचं आहे. यादी तयार आहे: भांडी शोभामावशींना विचारून, पुस्तकं वाचनालयाला, आरामखुर्चीपुढे अजून काही लिहिलेलं नाही. विमानाची तिकिटं झाली. मुंबई ते अकोला झालं, दोघींना समोरासमोर लोअर बर्थ, रिझर्व्हेशन उघडलं त्याच मिनिटाला.

अकोला ते मुंबई, परतीचं, करायचं बाकी आहे. फॉर्म रोज उघडते, दोघींची नावं भरते, तारखेपाशी येते आणि बंद करते. जागा आहेत अजून. आज सकाळीही पाहिलं.