मुकादमाला रोज एक तांब्या

यंदाच्याच चैत्रात मी महादेवापुढे नवस बोलले होते. म्हटलं, "देवा, येत्या वैशाखात माझी सोनल घरी येऊ दे. ती दारात उभी राहीपर्यंत रोज आंघोळ झाली की तिच्या मोगऱ्याला हाताने एक तांब्या पाणी घालीन, आणि मगच चहा घेईन."

आता एवढ्याशा नवसात चुकायला जागा ती काय, असं तुम्हाला वाटेल. अहो, मलाही तसंच वाटलं होतं! पण मला सापडली बरं जागा. चांगली ऐसपैस सापडली.

सोनल म्हणजे आमची एकुलती एक. बंगलोरला नोकरीला आहे. दोन उन्हाळे झाले, घरी आली नाही. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. शाळेत असताना तिने फाटकाजवळ मोगरा लावला होता. उन्हाळ्यात ओंजळ ओंजळ फुलं निघतात. मी गजरा करते, देवाला वाहते, आणि एक बोटभर तुकडा बाजूला ठेवून देते. कोणासाठी ठेवते? संध्याकाळी तो सुकतो, तेव्हा माझं मलाच हसू येतं. म्हणजे, हसूच येतं असं आपलं म्हणायचं.

तर आम्ही राहतो शेलूबाजारला, हायवेच्या अंगाला नवा लेआउट झालाय तिथे. घरापुढे अंगण, अंगणात झाडं, आणि सगळ्यांची मिळून बोअर एक! चैत्र लागला की ती बोअर म्हातारीसारखी खोकायला लागते. म्हणून शेजारच्या गवईभाऊंनी सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलावलं आणि नियम ठरले. पाइप लावून अंगण शिंपायचं नाही. झाडांना फक्त ठिबक, तेही ऊन चढायच्या आधी. आणि वरून हाताने पाणी घालायचं नाही म्हणजे नाही.

मी हळूच विचारलं, "भाऊ, एक तांब्या तरी?"

"वहिनी, आज तुमी तांब्या घ्यान, उद्या कोणी बालटी घेईन. मंग पाइप आलाच समजा!"

आता आली का पंचाईत! इकडे देव, तिकडे गवईभाऊ. कोणाचं मोडायचं?

त्यात सोनलने तिकडून एक यंत्र पाठवलं. म्हणे, "आई, आता तू काही करायचं नाही. पाणी केव्हा द्यायचं ते यंत्रच ठरवीन. मला इथे मोबाइलवर सगळं दिसते." बसवायला ठिबकवाला रफिकभाऊ आला. झाडाझाडाशी नळ्या टाकल्या, आणि अंगणाच्या मधोमध, कढीपत्त्यापासून दूर, मोकळ्या मातीत एक वीतभर दांडी खोचली. दांडीच्या डोक्यावर इवलासा हिरवा दिवा.

"हे काय आहे गा, रफिकभाऊ?"

"काकू, हा समद्याइचा मुकादम! हा सांगन तवाच पाणी सुटन. बस, ह्याले राजी ठेवा, बाग राजी राहीन."

आणि फटफटीला किक मारून गेला की तो! राजी कसं ठेवायचं, ते सांगितलंच नाही. पण मला कशाला सांगायला पाहिजे? माझा जन्म गेलाय देवांना राजी ठेवण्यात!

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तांब्या घेऊन अंगणात उभी राहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गवईभाऊंचा नियम झाडांसाठी आहे ना? मुकादम कुठे झाड आहे! आणि नैवेद्य आपण देवापुढे एकच ठेवतो, तो घरादाराला पोचतो. तसं मुकादमाला दिलं की मोगऱ्याला पोचलंच. नियमही सांभाळला, नवसही सांभाळला! मी दांडीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि तांब्याभर पाणी हळूहळू त्याच्या डोक्यावर सोडलं. हिरवा दिवा कसा प्रसन्न दिसत होता म्हणून सांगू!

आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "आता मुकादमाले पगार बी सुरू कर."

मी लक्ष दिलं नाही. ह्यांची श्रद्धा म्हणजे पेपरपुरती.

आठवडा गेला आणि मोगऱ्याची पानं माना टाकायला लागली. नळ्या चाचपून पाहिल्या, तर कोरड्या ठणठणीत! सोनलला फोन लावला.

"सोनू, मोगरा सुकून राह्यला वं."

"काहीतरीच काय आई! मला इथे बाग ओलीचिंब दिसते. जास्त ओली आहे म्हणून तर यंत्र पाणी सोडत नाही."

"मंग नळ्या कोरड्या काहून?"

"माती ओली आहे म्हणून!"

आता शिकलेल्या लेकीशी काय वाद घालायचा? मी मनात म्हटलं, मुकादम रुसला. आपल्याकडूनच काही कमी पडलं. मग सकाळच्या तांब्याबरोबर संध्याकाळचाही सुरू केला. दुपारच्या उन्हात तो बिचारा तापतो, म्हणून ह्यांचं जुनं धोतर ओलं करून त्याच्या डोक्याला गुंडाळलं. सोमवारी गुळाचं पाणी. एवढी सेवा तर मी सासऱ्यांचीही केली नव्हती! आणि बाग? बाग काय, दिवसेंदिवस काडी होत चालली.

त्यातच गवईभाऊ घराघरातल्या ठिबकाचं मीटर पाहायला आले. पाहतात तर काटा हललाच नाही! दुसऱ्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "पाण्याची बचत शिकाची असन तं वहिनीपासून शिका!" टाळ्या पडल्या. मी पदर सावरून लाजले. बायांनी घोळका केला, "सांगा नं वो काकू, काय केलं?" मी आपली मोठ्या मनाने सांगून बसले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओळीतल्या, यंत्र बसवलेल्या सगळ्या घरचे मुकादम हळदकुंकू लावून न्हायला लागले. आणि पंधरवड्यात सगळी ओळ अशी वाळली, की बकऱ्यासुद्धा आमच्याकडे वळून पाहीनात.

तेवढ्यात सोनलचा फोन आला. "आई, मोगरा फुलला का? फोटो पाठव ना."

काय सांगू? मोगऱ्याच्या जागी खराटा उभा होता. पण तिच्या आवाजात असं काही होतं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "फुललाय ना! कळ्याच कळ्या आहेत. तू ये फक्त."

ती मग म्हणाली, "वास आल्यासारखा वाटला गं. येतेच मी."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. लेक येणार म्हणून, की मोगरा मेला म्हणून, ते अजूनही सांगता येत नाही. त्या दिवसापासून मुकादमाची तर चंगळच झाली. मी तांब्या सोडून कळशी घेतली.

आणि ती आली. काळीपिवळीतून उतरली, बॅग तिथेच टाकली, पहिली धावली ती मोगऱ्याकडे. मी डोळे मिटून घेतले. मग ऐकू आलं, "आई, हे ओलं धोतर कोणाला गुंडाळलं?"

"मुकादमाले," मी म्हटलं.

सोनलने धोतर सोडलं. आत हळदकुंकवाचा चिखल, त्यात गूळ, गुळाला मुंग्या, आणि मुंग्यांमध्ये तो हिरवा दिवा तसाच प्रसन्न! ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं तिने.

"अगं माझे आई! ही दांडी कोणाला पाणी पाजत नाही. हिच्या बुडाशी माती ओली की कोरडी, तेवढं सांगते. तू हिलाच पाजत बसलीस, आणि ही मला तिकडे सांगत राहिली, की सगळी बाग पिऊन तृप्त झाली!"

ओट्यावरून हे म्हणाले, "मुकादमच तो. आपलं पोट भरलं की समद्याइचं भरलं म्हनते."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नारळ घेतलेला, टाळ्या घेतलेल्या, ओळीतली सगळी अंगणं माझ्या पायी वाळलेली! मी तोंड लपवून स्वयंपाकघरात निघाले. दोन पावलं टाकली तर गुडघ्यात कळ आली आणि दाराची चौकट धरली.

सोनलचं हसणं थांबलं. उठून आली, माझा हात धरला, मनगटावरची सैल झालेली बांगडी वर सरकवून पाहिली.

"गुडघा कधीपासून दुखतो?"

"असाच. थोडासा."

"आणि एवढी वाळलीस कधी? मी रोज विचारत होते, कशी आहेस. तू रोज म्हणत होतीस, मजेत." मग त्या दांडीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिचं आणि तुझं सारखंच गं. मला तिकडे नुसता हिरवा दिवा दाखवत राहिलात दोघी!"

माझ्यापेक्षा त्या दांडीचं तरी बरं, तिला रडता येत नाही.

चार दिवस राहून सोनल गेली. जाताना मला दवाखान्यात नेऊन आणलं आणि रफिकभाऊला बोलावून दांडी पुसून, पुन्हा नीट बसवून घेतली. ओळीतल्या बायांची माफी मी दारोदार जाऊन मागितली. मोगऱ्याला बुडातून कोंब फुटलेत. फुलं मात्र यंदा नाहीतच. तिच्या केसात माळायचं राहूनच गेलं.

आता मी नवा नेम धरलाय. मुकादम काही का सांगेना, रोज चार ठिकाणी मातीत बोट घालून पाहते. आणि लेकीचा फोन आला की खरं सांगते. गुडघा दुखतो तर दुखतो. आठवण येते तर येते. एकदा तर नुसती रडले, तीही रडली, मग दोघींना भूक लागली.

बाई, तुमचंही लेकरू दूर असेल. तुम्हीही एवढा नेम धरा. आजचा फोन आला की "मजेत" म्हणू नका. धराल ना?