टमाटा उचलणारा हात

नारायणगावहून जुन्नरला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक लोखंडी हात होता. खड्डा आला की तो माणूस त्या हाताचं कोपर अलगद धरायचा. टोमॅटो तोडायचं यंत्र म्हणून त्याने तो स्वतः बनवला होता. पण बोटांची परदेशी मोटर जळाली, आणि तसली आपल्याकडे कुणी बनवतच नाही.

"आता कुठं नेताय?"

"गणपतीच्या देखाव्यात. भीमाचा हात म्हणून. नुसता वर-खाली व्हतोय अजून."

बोटं रुमालाने पुसत तो म्हणाला, "टमाटा न फोडता उचलायला शिकवलं व्हतं, राव. आता राक्षसाचं डोकं फोडंल."

जीपमधले सगळे हसले. त्याने पायाशी ठेवलेली पुठ्ठ्याची गदा उचलली, त्या बोटांत दिली आणि बोटं एकेक करून तारेने आवळली.