आबा हवालदार आणि शाळवातली सीडी

आबा हवालदारांच्या दुकानातून पेनड्राईव्ह नुसता उचलून चालतं होता येत नसे. आबा खुर्चीतून उठत, गिऱ्हाइकालाही उभं करत आणि पेनड्राईव्ह दोन बोटांत घट्ट धरून विचारत, "उघडून बगितलं?"

"बगितलं."

"समदं हाय?"

"हाय."

"मग चार्ज घेतला म्हना."

समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत ती दोन बोटं सुटत नसत. उसाच्या ट्रॅक्टरवर वाजवायला गाणी भरून नेणारा ड्रायव्हर असो की बँकेतला साहेब, सगळ्यांना एकच कायदा. मी शाळेत शिकवते, गावात चार लोक मला बाई म्हणतात. पण सहलीचे फोटो घ्यायला गेले तेव्हा मलाही शेजारच्या पंक्चरवाल्यासमोर ताठ उभं राहून "घेतला" म्हणावं लागलं होतं. पंक्चरवाला गालात हसला. मी आबांवर चिडले ती दोन महिने चिडलेलीच होते.

दुकान उंब्रजला, हायवेच्या कडेच्या रस्त्यावर. एका बाजूला तो पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. पाटीवर आबांनी स्वतःच्या भाषेत लिहून घेतलं होतं, 'फोटो, गाणी, व्हिडिओ इकडचे तिकडे करून मिळतील.' फौजेतून परत आल्यावर घरच्यांना वाटलं, गडी आता ऊस बघेल. आबा कराडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत. फौजेत ते ट्रक चालवत, पण त्यांच्या गप्पा ऐकणाऱ्याला वाटावं की सगळ्या सरहद्दीचे निरोप याच माणसाने इकडून तिकडे पोचवले.

कट करून पेस्ट करणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. कॉपीच करायची, ती उघडून बघायची आणि मगच जुनं पुसायचं. "नवा शिपाई पहाऱ्यावर हुबा ऱ्हायल्याबिगर जुन्यानं जागा सोडायची न्हाई," ते म्हणत. "दोगं बी एकदम हलली, तर मधल्या टायमाला कोन जबाबदार?" हे ऐकून नव्या पोरांना कंटाळा यायचा. पोरं म्हणायची, आबा, वेळ लागतोय. आबा म्हणायचे, "लागू दे की. तुला कुठं ड्युटीवर जायाचं हाय?"

शिस्तीच्या जोडीला त्यांचे काही खास स्वतःचे नियम होते, त्यांना कुठल्याच क्लासमध्ये आधार नसावा. अमावस्येला कुठलीही डिस्क फॉरमॅट करायची नाही. कॉम्प्युटर अडला की त्याला शिवी द्यायची नाही, उठून एक चक्कर मारून यायचं. ट्रॅक्टरवाल्यांच्या पेनड्राईव्हमध्ये ते न विचारता सगळ्यांत वर एक आरती घालून ठेवत. ड्रायव्हर लोक वैतागत. चाबी फिरवली की आधी आरती, मग त्यांच्या आवडीची धांगडधिंगा गाणी. "सकाळच्या पारी पयलं देवाचं वाजाय पायजे. पुडं मग काय बी वाजवा," आबांचा निकाल.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून आवडायची. कुणाचे फोटो नीट उतरलेत का हे बघायची वेळ आली की आबा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवत आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. "उघडतंय का येवढं सांगा. आत काय हाय ते मला नगं." गावातल्या कितीतरी घरांची लग्नं, भांडणं, बाळंतपणं त्या माणसाच्या हातून गेली, पण त्यातलं एक अक्षर कधी टपरीवर आलं नाही. आमच्या भागात ही साधी गोष्ट नव्हे.

दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या यंत्रांचा ढीग होता. कॅसेट प्लेअर, कसल्या कसल्या वायरी, आणि सीडी घालायचा कप्पा असलेला एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर. सूनबाई दर दिवाळीला पुण्याहून आल्या की तो भंगारात काढायचं म्हणायच्या आणि दर दिवाळीला आबा त्याच्यावर चादर टाकून ठेवायचे. मीही एकदा म्हटलं होतं, आबा, अहो आता सीडी कोण वापरतं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरात होतं.

त्या हिवाळ्यात माझ्या वडिलांचा, तात्यांचा, खोकला हटेना. आमचं गाव उंब्रजपासून जवळच, मी मात्र नोकरीमुळे मलकापूरला राहते. सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, तात्यांना घेऊन गेले. सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक डाग दिसत होता. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, "हा डाग जुना आहे की नवा, यावर सगळं अवलंबून आहे. पूर्वी कधी स्कॅन केला होता का?" केला होता. काही वर्षांपूर्वी असाच खोकला झाला तेव्हा कराडला. "मग तो घेऊन या. तेव्हाही डाग एवढाच असेल तर घाबरायचं कारण नाही. नसेल, किंवा वाढला असेल, तर ऑपरेशन करून तुकडा तपासावा लागेल. उशीर करू नका. आणि पेनड्राईव्हवर आणा, आमच्याकडे सीडीचं मशीन आता राहिलेलं नाही."

परतीच्या वाटेवर तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून मीही उच्चारला नाही, पण पेठ नाक्यापर्यंत तो माझ्या मांडीवर बसलेला होता.

गावी घरी आले आणि कपाट उपसलं. स्कॅनच्या फिल्मा सापडल्या, पण पत्र्यातून गळलेल्या पाण्याने त्या एकमेकींना चिकटून त्यांचा पुठ्ठा झाला होता. कराडचं ते सेंटर कधीच बंद पडलेलं. राहिली सीडी. तिचं पाकीट मिळालं, तेही रिकामं. मी आईवर ओरडले, आई माझ्यावर ओरडली. तात्या कॉटवर बसून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "ती व्हय? ती रानात हाय."

"रानात?"

"शाळवात टांगलीया. चिमन्या लय पडल्या हुत्या गं. कापाटात हुत्या न्हवत्या तेवढ्या समद्या सीड्या नेऊन बांदल्या. ती लय चमकत हुती."

आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हुरड्याला आली की लोक पाखरांसाठी हेच करतात. काठ्या रोवायच्या, त्यांना दोरी बांधायची आणि दोरीला जुन्या सीड्या. वाऱ्यावर फिरतात, ऊन परावर्तित होतं, पाखरं बिचकतात. माझ्या बापाने चिमण्या हाकलायला स्वतःची छाती रानात टांगली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

रानात गेले आणि सगळ्याच सीड्या सोडवून घमेल्यात भरून आणल्या, कारण कुठली कोणती हे सांगणारी मार्करची अक्षरं उन्हाने आणि दहिवराने पार उडाली होती. धूळ, ओरखडे, पाखरांची शिट. एवढं करून पाखरं त्यांच्यावरच बसत होती, हे तात्यांना मी सांगितलं नाही. घमेलं घेऊन आम्ही दोघं आबांच्या दारात उभे राहिलो.

आबांनी सगळं ऐकलं, घमेल्यात बघितलं, आणि मग त्यांचा आवाज पंक्चरवाल्यापर्यंत गेला. "आवं तात्या, फौजेत मानसं छाती पुडं करत्याती ती आमी बगितली. रानात टांगनारा पयलाच बगतुया!"

तात्या खाली मान घालून म्हणाले, "चुकलं खरं."

तेव्हा आबांनी आवाज उतरवला. "चुकलं न्हाई. भोकातनं दोरी ववली, खिळा मारला न्हाई, ह्येच लय झालं. बसा."

मागच्या खोलीतली चादर निघाली. पिवळा कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला. आबांनी जुन्या मऊ धोतराचा तुकडा घेतला, पाण्यात बुडवून पिळला आणि एकेक सीडी पुसायला बसले, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. मी मदत करायला घेतली आणि ताट पुसतात तशी गोल पुसली. "गोल न्हाई गं पोरी," ते गुरगुरले. "गोल घासलीस तर चरा तिच्यावर लिवल्याल्या रेघंवरनंच जातूय."

पहिली सीडी आत गेली, फिरली, आणि स्क्रीनवर चुलत्याच्या लग्नाची वरात आली. दुसरीत भजनं. तिसरी कॉम्प्युटरने घेतलीच नाही, खर्र खर्र करून बाहेर ढकलली. तीच असली तर? आबांनी ती वेगळी ठेवली, "हिला मागनं बगू," म्हणाले आणि पुढची घातली. कुणाच्या तरी बारशाचे फोटो. मग एक कोरी. घमेलं रिकामं व्हायला लागलं तसे तात्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं.

खाली दोनच उरल्या होत्या. त्यातली एक फिरली, थांबली, पुन्हा फिरली आणि एक खिडकी उघडली. वर इंग्रजीत तात्यांचं नाव होतं. मी ओरडलेच. आबांनी हात वर केला. "गप. अजून काय बी हातात आल्यालं न्हाई."

खरंच नव्हतं. सगळं एकदम कॉपी करायला गेलं की ओरखड्यापाशी येऊन अडायचं आणि झालेलंही वाया जायचं. मग आबांनी एकेक फोटो उचलायला सुरुवात केली. एक नेला की दुसरा. अडला तर सोडून पुढचा. फारच अडला तर सीडी काढायची, तिच्यावर बोटभर टूथपेस्ट लावून हलक्या हाताने पुसायची, पुन्हा घालायची. आबांची बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. गाणी भरायला आलेल्या ड्रायव्हरला त्यांनी बाहेरूनच परत धाडलं, "आज आरती न्हाई, गानी बी न्हाईत. उद्या ये." मी त्यांच्या संथपणावर इतकी वर्षं बोटं मोडली; त्या दिवशी तो संथपणा मला देवासारखा वाटला. मधल्या दोन-चार फोटोंनी शेवटपर्यंत दाद दिली नाही, बाकीचे सगळे आले.

मग आबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले.

"आबा, अहो बघा की. मला तरी काय कळतंय त्यातलं?"

"मानसाच्या छातीत आपुन बगू न्हाई," ते भिंतीला म्हणाले. "उघडतंय का सांग."

उघडत होतं. काळ्यावर पांढरं, धुक्यासारखं काहीतरी. मला त्यात डाग दिसला, दिसला नाही, पुन्हा दिसला. मी पेनड्राईव्ह मुठीत धरला आणि आबांनी विचारायच्या आधीच "घेतला" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगलीला डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. बराच वेळ माऊस फिरवत राहिले. तात्यांनी माझा हात धरला नव्हता, माझ्या पर्सचा पट्टा धरला होता. मग डॉक्टर आमच्याकडे वळले. "जुनाच आहे. तेव्हा होता तेवढाच, तिथेच. कधीतरी जंतुसंसर्ग होऊन भरून आलेल्या जखमेचा वण आहे. ऑपरेशनची गरज नाही. खोकल्याचं औषध देतो, सहा महिन्यांनी एकदा दाखवा."

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "भडंग घिऊ." घेतलं. दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर बसून आम्ही बापलेकीने पुडा फोडला आणि खाल्लं, तिखटाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नुसत्या तिखटाने नव्हे. इतकं हलकं मला परीक्षेत पास झाल्यावरही वाटलं नव्हतं, लग्न ठरल्यावर तर नाहीच नाही.

दुसरा पुडा आबांना. दुकानात शिरले तर ते वर न बघता म्हणाले, "समद्या फायली उघडल्या का तिथं?"

मी वैतागले. "आबा, ऑपरेशन नाही म्हणाले! जुनाच डाग आहे!"

"त्ये तुज्या तोंडावरनं कळलं मला. फायलींचं सांग."

"उघडल्या."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी भडंगाचा पुडा फोडला आणि पहिली मूठ पंक्चरवाल्याला दिली.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला ती सगळी दुकानांची रांग काढली. आबांचा मुलगा पुण्याला असतो, त्याने ठरवलं की आता आई-बाबांनी तिकडेच यायचं. आबांना पुणं आवडत नाही. तिथं शेजारचा माणूस लिफ्टमध्ये भेटतो आणि नमस्कार केला तर घड्याळ बघतो, असं ते सांगत. पण वय झालं होतं, सूनबाई चांगल्या होत्या, आणि दुकानच राहिलं नव्हतं तर भांडायचं कशावरून?

जायच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "तुज्या बापाची छाती माज्यापाशी हाय. दोगं या."

तेव्हा मला कळलं की केलेल्या कामाची एक प्रत आबा स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवत, गिऱ्हाइकाचं हरवलं तर असावी म्हणून. आता गाव सोडताना दुसऱ्याच्या घरातलं काही बरोबर न्यायचं नाही, म्हणून त्यांनी एकेकाला बोलावून त्याच्या डोळ्यांदेखत पुसायला घेतलं होतं. आम्ही गेलो तेव्हा घरात पोती, बांधलेली भांडी, दारात टेम्पो. डिस्क जवळजवळ रिकामी झाली होती. कुणाकुणाची लग्नं, बारशी गेलेली, तात्यांचं नाव तेवढं राहिलेलं.

आबांनी त्या नावावर बाण नेला आणि थांबले. "तात्या, पुसतू बरं का."

तात्या स्क्रीनजवळ गेले, वाकून आपलं नाव बघितलं. "ह्ये पुसलं म्हंजी माज्या छातीतला डाग जातूय का?"

"न्हाई जात."

"मग कशाला पुसताय? ऱ्हाऊ द्या की. न्या संगं." तात्या दारातल्या टेम्पोकडे बघत म्हणाले, "तितं तुमच्या वळखीचं कोन न्हाई."

आबांनी बाण त्या नावावरून बाजूला नेला. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि टेम्पोतल्या सामानात न ठेवता आपल्या खांद्यावरच्या पिशवीत घातली.